चित्र, आवाज आणि जादा

नोकरी कारकुनाची मिळाली, तरी माणसाचा स्वभाव परीक्षकाचाच असतो. लग्नाला गेला की तो आधी मठ्ठ्याला गुण देतो, मग नवरीला. माझंही तसंच. बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या पडताळल्या, तरी घरी येऊन आणखी काही पडताळल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हणून मी जुन्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या पडताळतो. त्यासाठी एक वही आहे आणि वहीत तीन रकाने : चित्र, आवाज, जादा. आम्ही बी. कॉम.वाले. रकाना आखल्याशिवाय आम्हांला सौंदर्य दिसत नाही.

'संत तुकाराम'च घ्या. प्रभातचा, 1936 सालचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा विष्णुपंत पागनीस. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझ्याकडे याच्या दोन पिढ्या आहेत : आधी घेतलेली व्हीसीडी आणि नंतरची डीव्हीडी.

चित्र : व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, डीव्हीडीचं 720 बाय 576. म्हणजे चौपटीहून थोडं जास्तच. पहिलीत इंद्रायणी सिमेंटची वाटायची, दुसरीत ती वाहायला लागली. उभ्या रेघा मात्र दोन्हींत. आमची सौ. म्हणाली, "देहूला तेव्हा पाऊस बरा होता वाटतं!"

तरीही रेघांचे गुण मी कापले नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भस्सकन पेट घेणारी. 2003 च्या जानेवारीत पुण्याला फिल्म संस्थेच्या आवारात आग लागली आणि अशा कितीतरी फिल्म गेल्या, त्यांत प्रभातच्याही. मूळ कागद जळाल्यावर जी नक्कल उरते, ती डाग आहे म्हणून कोणी फाडत नाही. उलट फडक्यात बांधून ठेवतो.

आवाज : माझ्या एका तबकडीच्या वेष्टनावर 'सराउंड साउंड' असं ठसठशीत छापलंय. अहो, मुळात आवाज एकच! एका भाकरीचे पाच तुकडे केले म्हणून भाकरी वाढते का? आणि वाढवायचं कारणही नाही. दामले मुळात ध्वनिमुद्रणातलेच जाणकार. गौरीबाईंच्या जिजाईचं तोंड सुटलं, की टीव्हीच्या एकुलत्या एका स्पीकरवर आमचा अख्खा तोफखाना जागा होतो. तोफखाना हे आमच्या नगरातल्या भागाचं नाव. पण जिजाईलाही ते शोभतं.

जादा : चांगल्या तबकड्यांवर म्हणे मुलाखती असतात, कापलेली दृश्यं असतात, चित्रपटावर जाणकाराचं निरूपण असतं. माझ्या तबकडीवर इतर तबकड्यांच्या जाहिराती आहेत. गुण शून्य.

निरूपण मात्र आमच्याकडे घरचं आहे. ते अण्णा करतात. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही. पण मढीच्या यात्रेत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये हा चित्रपट पाहिला, ते जसंच्या तसं आठवतं. तंबूवाल्याकडे मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे. एकदा नेमके तुकोबा वैकुंठाला निघाले आणि रीळ संपलं. तुकोबा अर्ध्या आकाशात! पण एक माणूस खाली बसला नाही, की विडी ओढायला बाहेर गेला नाही. नवं रीळ चढेपर्यंत सगळा तंबू हात जोडून उभा. अण्णांच्या आत्याबाईंनी तर तेवढ्यात पदराची गाठ सोडून एक आणा पडद्यापाशी ठेवला.

डीव्हीडीत ते विमान न अडकता सरळ वर जातं. अण्णा दरवेळी पुटपुटतात, "इथं थांबायचं असतं."

हे निरूपण कुठल्याच तबकडीवर नाही, आणि अण्णांची दुसरी प्रत नाही. म्हणून परवा मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पंख्याची घरघर, बाहेर रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, सगळं त्यांच्या आवाजाच्या वर. म्हटलं, "अण्णा, जरा मोठ्यानं सांगा, आणि इकडं बघून."

अण्णा म्हणाले, "ते ठेव आधी खाली. तुकोबा निघालेत, हात जोड."