चारच का, आठ का नाही?

गुडाखू सोडा, हे सांगण्यातच समुपदेशक म्हणून माझी सुरुवातीची वर्षे गेली. ज्यांना सांगितले त्यांतल्या फार थोड्यांनी सोडला, आणि पुष्कळ जणी परत आल्याच नाहीत. त्या का आल्या नाहीत याचे खापर मी त्यांच्यावरच फोडत असे. इच्छाशक्ती नाही, घरची साथ नाही, शिक्षण नाही. चूक माझ्या बोलण्यात होती हे कळायला बराच काळ गेला. नव्याने या कामात आलेली मुले-मुली आज तसेच बोलताना ऐकते, म्हणून हे लिहिते आहे.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि काकवी मळून केलेला काळसर लगदा. इथे रायपूरला पानठेल्यावर छोट्या डबीत मिळतो. सकाळी उठल्याबरोबर बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायचा, जरा झिंग येते, पोटात हालचाल होते, मग दिवस सुरू. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत छत्तीसगढातले ३९.१ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक धूर न काढता घेणारे. तात्यापारा या इथल्या वस्तीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांत मात्र गुडाखू ही कामाला येणाऱ्या बायकांची सवय मानली जाते. महाराष्ट्रात आमच्याच आज्या-पणज्या दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावत होत्या हे आम्ही विसरून गेलो आहोत. मीही विसरले होते, आणि ते माझ्या आवाजात नक्कीच ऐकू येत असणार.

चाळिशीतली एक बाई आली होती, चार घरची धुणीभांडी करणारी. मी तोंडाच्या कर्करोगाची चित्रे समोर मांडली. ती ‘हव, दीदी’ म्हणत ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘गुडाखू घिसे बिना पेट साफ नइ होवय.’’ मी लगेच सांगितले की हा गैरसमज आहे.

तो गैरसमज नव्हता. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना बद्धकोष्ठाचा त्रास होतो. तिला स्वतःच्या शरीराबद्दल जे नेमके ठाऊक होते ते मी पुस्तकाच्या अर्धवट आधारावर खोडून काढले. मग तीही सरसावली. डोके दुखते, हातपाय चालत नाहीत, सासू तर म्हातारी होईपर्यंत घासत होती आणि तिला काही झाले नाही. माझ्या प्रत्येक मुद्द्याला तिच्याकडे उत्तर होते. अर्धा तास मी तिच्याकडून गुडाखूची वकिली करून घेतली, आणि माणसाला आपल्याच तोंडून ऐकलेले सर्वांत खरे वाटते. ती पुन्हा आली नाही.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवरचा, म्हणजे बदलाची कारणे माणसाच्याच तोंडून येऊ देणाऱ्या संवादावरचा, पहिला लेख लिहिला. १९९१मध्ये स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर पुस्तक केले. १९९३मध्ये त्याच्या गटाने दारू पिणाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशकाने जितके जास्त खोडून काढले, तितके वर्षभरानंतर समोरच्याचे पिणे जास्त आढळले. हे प्रशिक्षणात ऐकले तेव्हा मला ती बाई आठवली आणि फार वाईट वाटले.

पण मी पद्धत शिकले ती युक्ती म्हणून, आणि दुसरी चूक त्यातून झाली. आमच्याच गल्लीतले एक काका, निवृत्त, सिगारेटवाले, स्वतःहून बोलायला आले. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मी विचारले, ‘‘काका, शून्य ते दहात सांगा, सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते?’’ ते म्हणाले चार. मी विचारले, ‘‘चारच का, आठ का नाही?’’ झाले. आठ का नाही याची कारणे त्यांनी भराभर सांगितली, वेळ जात नाही, मित्र सगळे ओढणारे, आता वय झाले. प्रश्न उलटा विचारायचा असतो. चार म्हणता, दोन का नाही? मग माणूस शोधतो ती सोडण्याची कारणे.

हे लक्षात आल्यावर पुढच्या भेटीत मी तसे विचारले. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘गणपतीत आरती म्हणताना दम पुरत नाही गं. पूर्वी सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा.’’ इतके मोलाचे वाक्य हाती आले होते. तेवढेच परत म्हणून मी थांबायला हवे होते, पूर्वी कसा असायचा आवाज, एवढे तरी विचारायला हवे होते. मी उत्साहात फॉर्म काढला आणि सोडण्याची तारीख कोणती लिहू असे विचारले. काका म्हणाले, ‘‘बघू.’’ पुढे ते भेटले की हवापाण्याचे बोलत. काही दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन, काका, मी घाई केली, असे सांगितले. ते हसले, चहा दिला. सिगारेट अजून चालू आहे.

दुसऱ्याचे भले आपल्याला दिसत असताना हात आवरणे मला अजून जड जाते. तोंडात पांढरा चट्टा दिसत असलेल्या बाईसमोर शांत बसणे सोपे नाही. चट्टा दिसला तर मी ते स्पष्ट सांगते आणि डॉक्टरांकडे पाठवते. तिथे गप्प राहणे गुन्हा ठरेल. या संवादाला जादू समजण्यातही अर्थ नाही. धूम्रपान सोडवण्यात इतर समुपदेशनापेक्षा तो हमखास सरस ठरतो असे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. कित्येकांना निकोटिनचे च्युइंगगम आणि औषधे लागतात.

आता पोटाचा विषय निघाला की मी आधी तिला काय अनुभव आहे ते विचारते, मग ‘सांगू का?’ म्हणून परवानगी घेते, आणि मगच सांगते: काही आठवडे त्रास होईल, सकाळी कोमट पाणी घे, भाजी वाढव, यातले तुला काय जमेल? कुणी स्पष्टच म्हणते, नाही सोडायचा. मी म्हणते, ठरवायचे तुलाच. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून देते आणि डबी कमरेला असली तरी पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगते. अशा पुष्कळ जणी येतात.