जुन्या जीपचे टायर आणि महाडची वाट

पुण्याच्या नाना पेठेचे नाव काढले की आपल्यातल्या जुन्या माणसांना विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशनचा अहिल्याश्रम आठवतो. गाडीवाल्यांना आठवतात ती तेथली सुट्या भागांची दुकाने. पेठेच्या गल्ल्यांत क्लच प्लेटपासून हॉर्नच्या बटणापर्यंत सारे मिळते. मामांबरोबर तेथे तीन दिवस फिरण्याचा योग आला तो जीपच्या टायरसाठी.

मामा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्यांची जीप उंच बॉनेटची, जुन्या विलिज जातीची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेले भाग जोडून या घराण्याच्या जीप बनवायला सुरुवात केली. मामांची गाडी त्याच वंशातली. सरकारी लिलावात घेतलेली. दर २० मार्चला ती वस्तीतल्या चार म्हाताऱ्या उपासिकांना घेऊन महाडला जाते. बाकी मंडळी एसटीने जातात, पण या चौघींना एसटीची पायरी चढवत नाही.

यंदा टायरच्या बाजूंना भेगा पडलेल्या दिसल्या. वरची नक्षी शाबूत होती. रबर मात्र वयाने कडक झाले होते. असे टायर घेऊन घाट उतरायचा नाही, असे मामांनी जाहीर केले. त्याच सुमारास हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने जीप दारात शोभेला ठेवण्यासाठी विकत मागितली. घरात दोन मते पडली. मामी एवढेच म्हणाल्या, "मग आज्यांना कोण नेणार?"

मामींचा प्रश्न साधा नव्हता. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. शेवटी वस्तीतल्याच एका माणसाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. पुलावरच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. आपले वाहन, आपला चालक आणि त्याला त्या कामाची तालीम, या तिन्हींची किंमत आपल्या लोकांनी अशी मोजलेली आहे.

तर टायर. जुन्या जीपचे माप ६.००-१६. दुकानात त्याला 'सहाशे-सोळा' म्हणतात. पहिल्याच दुकानात 'सहाशे-सोळा' म्हणताच पोऱ्याने टायर आणून आपटला. मामांनी त्यावरून बोट फिरवले आणि परत केला. टायरवर गोल फिरणाऱ्या उभ्या पट्ट्या होत्या. तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा! माप अगदी तेच, पण तो शेतात आणि गावरस्त्यावर सावकाश चालण्यासाठी असतो. घाटात माणसे घेऊन त्यावर धावायचे नसते. "बसतो ना साहेब," दुकानदार म्हणाला. बसतो खरा.

दुसऱ्या दुकानात जीपच्याच नक्षीचा नायलॉन टायर मिळाला. मामांनी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो माल गोदामातच म्हातारा झालेला होता. तिसऱ्याकडे रिमोल्ड होते. मामांनी ते उचलूनही पाहिले नाहीत.

राहिला रेडियल. ओल्या रस्त्यावर त्याची पकड नायलॉनपेक्षा चांगली, ब्रेकही चांगला लागतो. पण जुन्या जीपची रिम साडेचार इंच रुंद, आणि आजचे रुंद रेडियल टायर त्यावर नीट बसत नाहीत. शिवाय ती रिम ट्यूबवाल्या टायरसाठी घडवलेली, तिच्यावर ट्यूबलेसचा भरवसा धरता येत नाही. उगाच मोठ्या मापाचा टायर घालावा, तर स्टिअरिंग पूर्ण वळवताच तो पाट्याला घासतो. वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

मामांनी तोडगा काढला तो बोलेरोच्या रिमचा. पाच बोल्टची जुळणी तीच. रिम पंधरा इंची, रुंदी भरपूर, आणि २१५/७५ आर १५ हा रेडियल कोणत्याही शहरात मिळणारा. उंची जुन्या टायरपेक्षा सुमारे एक इंचाने कमी, म्हणजे गाडी अर्धा इंच खाली बसते. जीपच्या शौकिनांना हे रूप आवडत नाही. त्यांच्यासाठी जुन्या रिम माळ्यावर जपून ठेवल्या आहेत.

टायर मात्र पाच घ्यायचे, यावर मामा अडून बसले. दोन आता, दोन दिवाळीला, असे इथे चालत नाही. फोर-व्हील गिअर टाकला की या जीपची पुढची-मागची चाके एकमेकांशी घट्ट जोडली जातात; घेर वेगळा असेल तर सारा ताण गिअरबॉक्सवर येतो. "तिलाही समताच लागते," असा विनोद मामांनी केला आणि वर्गणीचे पुस्तक माझ्या हातात दिले. पाच टायरपैकी दोन वस्तीच्या वर्गणीतून झाले. एक आज्यांनी मिळून दिला.

चाके चढवताना मामा स्वतः उभे राहिले. कित्येक जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ठाऊक नसलेला पंक्चरवाला सोडवायच्या नादात ते आणखी आवळतो आणि बोल्ट तोडतो. हवा गाडीच्या वजनाप्रमाणे भरली. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते.

मुळशी, ताम्हिणी, माणगाव अशी वाट धरली. ताम्हिणीच्या उतारावर जीप पूर्वीसारखी कडेला ओढली नाही. माणगावला चहाला थांबलो तेव्हा मामांनी पाना काढून पंचवीसही नट पुन्हा आवळले, स्टेपनीचेसुद्धा. नव्या रिमवर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर हे करावेच लागते. महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी रस्त्यावरूनच दिसतात. आज्यांनी गाडीतूनच हात जोडले. पायऱ्या चढायचा हट्ट एकीने धरला, पण ऊन फार होते.

चवदार तळ्याकाठी गर्दी इतकी की जीप बरीच लांब लावावी लागली. तेथून चौघी चालत निघाल्या. मामा मागे राहून एकेका टायरला हात लावून पाहत होते, कुठला जास्त तापला आहे का.