बँकर

कर्जतला गाडी थांबली की थोड्या वेळाने मागून बारीकसा धक्का बसतो. बँकर लागले! लहानपणी हातातला वडापाव संपायच्या आत तो धक्का बसतो का, यावर आमची पैज असायची. बोरघाटात दर ३७ फुटांमागे एक फूट चढ. तो चढायला मागून इंजिनं जोडतात आणि घाट संपला की काढून घेतात. पुण्यापर्यंत कोणी ती मिरवत नेत नाही.

परवा तोच धक्का बसला आणि मला माझा सर्व्हर आठवला. हसू नका, सांगतो.

खालापूरच्या घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी घरच्यांसाठी फोटोंचा सर्व्हर चालवत होतो. पहिल्यांदा प्रोग्राम सुरूच होईना. 'परवानगी नाही' म्हणे. १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युझरला उघडता येत नाहीत आणि मला तर ८० नंबरचा हवा होता. मी सुडो लावून तो सरळ रूट म्हणून चालवला. चालला! मग तीन वर्षं तसाच चालू ठेवला. म्हणजे बँकर थेट पुण्यापर्यंत.

एका सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि सोबत पैसे मागणारी चिठ्ठी. प्रोग्राम जुना, त्यात भोक होतं, कुणीतरी शिरलं. शिरलेल्याला प्रोग्रामचेच अधिकार मिळतात आणि रूटला तर घरातली एकही खोली बंद नाही. बॅकअपची डिस्कही तिथेच जोडलेली, तीही गेली. चूक सर्वस्वी माझी.

फोटो नातेवाइकांकडून परत जमले. आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मात्र गेलं. कॅसेट त्याआधीच बुरशीने खाल्ली होती.

अपाची हे शहाणपणाने करतो. सुरू होताना रूट असतो, दार उघडतो, पण आल्यागेल्याशी बोलायला बिनअधिकाराचे नोकर बसवतो. आता तर तेवढंही लागत नाही. लिनक्समध्ये रूटच्या ताकदीचे वेगवेगळे तुकडे करता येतात आणि खालचा पोर्ट उघडण्यापुरता एकच तुकडा देता येतो. वंदे भारतसारखं. तिची ताकद डब्यांखाली वाटलेली असते, म्हणून तिला बँकर लागत नाही.

तर नवी मांडणी अशी. प्रोग्रामसाठी वेगळा युझर, त्याला लॉगिन नाही. सिस्टिमडीच्या फायलीत त्याचं नाव आणि तो एक तुकडा. फोटोंचा मालक मी, प्रोग्रामला फक्त वाचायची परवानगी. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात. आणि अपडेट वेळच्या वेळी. उद्या कोणी पुन्हा शिरलं तर फोटो बघेल कदाचित, पण पुसू शकणार नाही.

असो. मागच्या महिन्यात मामीच्या जुन्या मोबाईलमध्ये आजीच्या ओव्यांची दोन मिनिटं सापडली. कधीतरी मीच ब्लूटूथने पाठवली होती. ती आता सर्व्हरवर आहेत. सगळ्यांनी ऐका. आणि हो, आपापल्याकडे उतरवूनही घ्या.