काच चकाचक, पण...

थर्ड इयरच्या सुट्टीत आमची अख्खी विंग गावाकडे आंबे खायला पळाली आणि मी मात्र चाकणजवळच्या एका वर्कशॉपमध्ये इन-प्लांट ट्रेनिंगला रुजू झालो. तिथं बुलेटप्रूफ गाड्यांचं काम चालायचं. पहिल्याच आठवड्यात एक गाडी आली. पुढची काच कडेनं दुधासारखी पांढरी, आत फोडांसारखे बुडबुडे. ड्रायव्हर म्हणाला, "रात्री समोरच्या ट्रकचे दिवे दिसतात, ट्रक दिसत नाही."

माझ्यातला इंजिनिअर लगेच जागा झाला. "काका, पॉलिश मारू या!"

फोरमन काका हसले. "अरे, मळ बाहेर असेल तर पॉलिश. हा आतला आजार आहे."

मित्रांनो, सेमिस्टरभर जे डोक्यात शिरलं नव्हतं ते काकांनी पाच मिनिटांत शिरवलं. ही एक काच नसतेच. बाहेर काचेचे थर, आत पॉलिकार्बोनेट, मध्ये चिकटवणारी फिल्म. पॉलिकार्बोनेट काचेच्या साधारण 7 पट प्रसरण पावतं. बाहेर ऊन, आत एसी, रोजची ओढाताण. शेवटी कडेचा जोड सुटतो, ओल शिरते आणि काच आंधळी होते.

तरी माझी खुमखुमी जिरेना. भंगारातल्या तुकड्यात मी सिरिंजनं रेझिन सोडलं. एकदम चकाचक! दोन दिवस कॉलर ताठ. काकांनी तो तुकडा गुपचूप पत्र्यावर उन्हात ठेवला. आठवड्यात बुडबुडे परत हजर.

गाडीची काच काकांनी नीट वाळवली, व्हॅक्यूम बॅगेत घातली आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली हळूहळू तापवली. बाहेर आली तेव्हा बरीच स्वच्छ होती. गाडीमालक खूश. "पहिल्यासारखी झाली, असं लिहून द्या."

"दिसायला झाली, साहेब," काका म्हणाले. "गोळी अडवेल का, ते गोळी मारूनच कळतं. आणि मारली की काच गेली. मी सही करणार नाही."

मालक चिडले. नव्या काचेचा खर्च मोठा होता. काकांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. "या काचेमागं पहिला हा बसतो."

मालक बराच वेळ गप्प होते. मग नवी काच मागवली.

त्या रात्री मी माझा ट्रेनिंग रिपोर्ट उघडला. त्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'काच पूर्ववत झाली.' ती ओळ खोडली.

आता लॅबमध्ये ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करायला हात शिवशिवले, की ती काच आठवते. सर, मागच्या सेमिस्टरचं तेवढं माफ करा!