गोंगाट कशाला म्हणावे?

संपादन म्हटले की आम्हा मराठीच्या अध्यापकांच्या डोळ्यांसमोर पोथ्या, पाठभेद आणि तळटीपा उभ्या राहतात. ध्वनीचेही संपादन असते आणि तेही लिहूनच करता येते, हे आम्हां दोघांना अलीकडे उमगले. निमित्त झाले विभागाच्या कपाटातील काही जुन्या कॅसेटींचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन आया-आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांत मुद्रित केल्या होत्या.

कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्यावर आम्ही हाती घेतलेल्या साधनाचे नाव ‘सॉक्स’, म्हणजेच ‘साउंड एक्स्चेंज’. लान्स नॉर्सकॉग यांनी १९९१ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले. पुढे इतरांनी वाढवले. आम्ही वापरली ती १४.४.२ ही आवृत्ती २०१५ सालची. साधन विनामूल्य आहे. त्यात बटणे नाहीत, पडद्यावर हलणाऱ्या लाटा नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, एवढेच. आधी मूळ फाइलचे नाव, मग नव्या फाइलचे आणि शेवटी काय करायचे ते. मराठी वाक्याप्रमाणे इथेही क्रिया शेवटी येते, याची आम्हांला गंमत वाटली. मूळ फाइलला धक्का लागत नाही. प्रत्येक आज्ञेतून वेगळी प्रत निघते.

‘सॉक्सी’ ही त्याची जोडआज्ञा फाइलचे वर्णन सांगते : वाहिन्या किती, लांबी किती, दर सेकंदाला नमुने किती. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर कॅसेटच्या पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूचे एका वाहिनीत सुमारे १२ कोटी आकडे होतात. माहेरची आठवण, सासूचा जाच, विठ्ठलाशी केलेले भांडण, सारे त्या आकड्यांत. आणि साधनाला त्यांतले काहीच ठाऊक नसते.

खरा प्रश्न गोंगाट कमी करताना उभा राहिला. ‘सॉक्स’ची रीत अशी : नुसताच गोंगाट ऐकू येतो असा तुकडा आपण दाखवायचा, ‘नॉइजप्रोफ’ त्याची ओळख नोंदवते, आणि ‘नॉइजरेड’ त्या ओळखीचे जे जे सापडेल ते संपूर्ण मुद्रणातून दाबते. किती दाबायचे, हे शून्य ते एक यांमधील आकड्याने ठरते. गोंगाट म्हणजे काय, याविषयी साधनाला स्वतःचे मत नाही. ते आपल्याला विचारते.

आमच्यात मतभेद झाला तो इथेच. फितीची खरखर जावी, याविषयी वाद नव्हता. परंतु जात्याची घरघर? एकाचे म्हणणे असे, की विद्यार्थ्यांना शब्द नीट कळायला हवेत. दुसऱ्याचे म्हणणे, की जाते हा ओवीचा परिसर नव्हे, ते ओवीचे अंग आहे. शेवटी दोन्ही प्रती केल्या. दुसऱ्या प्रतीसाठी गाणे सुरू होण्यापूर्वी जाते एकटेच फिरते तो तुकडा नमुना म्हणून दिला.

शब्द अधिक स्पष्ट झाले, हे मान्य करायला हवे. आवाज मात्र किंचित पातळ झाला. कारण जात्याचे आणि कंठाचे जे स्वर एका पट्टीत होते, तेही दबले. त्याहून मोठा पालट वेगळाच होता. चरणामध्ये बाई थांबते ती जात्यात घास घालायला. जाते नाहीसे झाल्यावर तिचे थांबणे विसरल्यासारखे भासू लागले. खुंटा ओढताना लांबलेला स्वर उगीच घेतलेला हेल वाटू लागला. कारण गेले आणि परिणाम तेवढा उरला.

हे ऐकताना आम्हांला छापील ओवीसंग्रह आठवले, जे आम्ही पंधरा-वीस वर्षे शिकवत आलो. छपाईनेही नेमके हेच केलेले असते : शब्द ठेवायचे, जाते वगळायचे. मग वर्गात आपण छंदाच्या शिथिलतेवर, अक्षरसंख्येच्या अनियमिततेवर बोलतो. ती शिथिलता कवयित्रीची की आपल्या माध्यमाची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आता ती जाती घरांतून गेली आहेत, आणि आमच्या फितींवरील बहुतेक गायिका हयात नाहीत. आपण जो पाठ सिद्ध करू, तोच पुढे त्यांचा आवाज म्हणून ओळखला जाईल.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने, सुकथनकरांच्या आदिपर्वापासून, एक शिस्त घालून दिली : स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ तळटीपेत, वाचकाला निर्णय तपासता यावा. आज्ञा हा मजकूरच असल्याने ध्वनीच्या बाबतीतही हे शक्य होते. प्रत्येक प्रतीसोबत आम्ही तिच्या आज्ञांची ओळ, नमुन्याचा सेकंद आणि दाबण्याचे प्रमाण लिहून ठेवतो. वर्गात जात्यासह असलेली प्रत ऐकवतो. जाते काढलेली प्रत शब्द उतरवून घेण्यापुरती, तशा स्पष्ट नोंदीसह. उद्याच्या एखाद्या अभ्यासकाला आमचा निर्णय चुकीचा वाटला, तर मूळ फाइल त्याच्यासाठी जशीच्या तशी आहे, खरखरीसकट.