आडनावाच्या मुलखात

लिस्बनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने माझे आडनाव वाचले आणि गाववाला भेटावा तसा तो हसला. लगेच भराभरा बोलू लागला. त्यातले एक अक्षर मला कळेल तर शपथ! "मला पोर्तुगीज येत नाही," असे मी इंग्रजीत सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. परेरा नावाच्या माणसाला पोर्तुगीज येऊ नये म्हणजे कुलकर्ण्याला मराठी येऊ नये, तसेच की! त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पासपोर्टाकडे पाहिले आणि मुकाट्याने शिक्का मारला.

मागे आई उभी होती. लाल चौकड्यांचे लुगडे, खांद्यावर शाल, हातात जपमाळ.

"काय म्हणाला रे तो?"

"काही नाही. आपल्याला त्यांच्यातला समजला."

"मग तू काय म्हणालास?"

"त्यांच्यातला नाही म्हणालो."

"बरे केलेस," आई म्हणाली आणि चार पावले गेल्यावर पुन्हा थांबली. "पण इतके तोडून कशाला बोलायचे?"

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आमच्याकडची गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे आडनाव मिळत असे. राज्य गेले, आडनाव राहिले. भाषा मात्र आम्ही दिली नाही. आम्ही कुपारी माणसे घरात आमची कादोडी बोलतो आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमची छाती चार बोटे फुगली होती.

या प्रवासाचे मूळ आईच्या नवसात होते. आयुष्यात एकदा फातिमाला जायचे, आणि तेही तेरा मेला, असे तिने बाबांच्या आजारपणात बोलून ठेवले होते. बाबा गेले, नवस राहिला. पैसे आले ते वाडीतून. आमच्या गासच्या वाडीचा रस्त्याकडचा तुकडा आम्ही भावांनी २०२३ साली विकला. उरलेली वाडीही एक गिऱ्हाईक मागत होते. केळी, पानवेल, फणस, विहीर, सगळ्यासकट. धाकट्या भावाचे मत होते, द्यावी. माझे मत दर आठवड्याला बदलत होते. आणि सही हवी होती आईची. "फातिमाहून आल्यावर बघू," एवढेच ती म्हणाली. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात आई, मी, सौभाग्यवती, चिरंजीव आणि कन्या असे पाच जण दुबईला विमान बदलून लिस्बनला उतरलो. व्हिसासाठी घातलेल्या खेपांविषयी मी लिहीत नाही. ज्यांनी त्या घातल्या आहेत त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी घातल्या नाहीत त्यांची सुट्टी कशाला बिघडवा?

लिस्बन सात टेकड्यांवर वसलेले आहे म्हणतात. आईच्या गुडघ्यांनी त्या सातही मोजल्या. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम आमच्या विरार लोकलची धाकटी बहीण शोभावी इतकी भरलेली असते. फरक एवढाच, की आत शिरणारा माणूस आधी क्षमा मागतो. मुलांना मौज वाटली ती दुकानांच्या पाट्यांची. लोपीस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, परेरा! "पप्पा, हे तर आपल्या गावच्या मतदारांच्या यादीसारखे दिसते आहे," कन्या म्हणाली. परेरा म्हणजे पेअरचे झाड, हेही तिने मोबाइलमध्ये शोधून काढले. म्हणजे साडेचारशे वर्षे आम्ही एका झाडाचे नाव मिरवीत होतो आणि ते झाड आमच्या वाडीत कधी लागलेच नाही.

बेलेम येथे वास्को द गामाची कबर पाहिली. नदीकाठचे शोधकांचे भव्य स्मारकही पाहिले; आजच्या रूपात ते १९६० साली उभारले आहे. आमच्या घरी येण्याला हे लोक 'शोध' म्हणतात याची गंमत वाटली, राग आला नाही. पण कार्मोच्या चर्चमध्ये पाऊल टाकले आणि आम्ही पाचही जण बोलायचे थांबलो. छप्परच नाही. उंच उंच कमानी उभ्या, वर मोकळे निळे आभाळ, पायाखाली गवत. हे तर आमच्या वसई किल्ल्यातले चर्च! लहानपणापासून ज्या भिंतींखाली आम्ही क्रिकेट खेळलो, त्याच जणू कोणीतरी इथे आणून ठेवल्या होत्या. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंपाने हे छप्पर खाली आणले. पुढे बांधकाम पुन्हा सुरू झाले, पण छप्पर कधीच पुरे झाले नाही. आता तिथे संग्रहालय आहे, तिकीट आहे, रखवालदार आहे. आमच्याकडे तेवढ्याच उंच कमानींवर वडाची मुळे आहेत आणि खाली लग्नाआधीची छायाचित्रे काढणारी जोडपी. पडके कसे सांभाळावे हे या लोकांकडून शिकावे, हे मी कबूल करतो.

पाटी वाचता वाचता चिरंजीव ओरडला. हे चर्च १३८९ साली बांधायला घेतले नुनो आल्वारिश परेरा नावाच्या सेनापतीने! पुढे तो सगळे सोडून याच मठात राहिला आणि २००९ साली त्याला संतपद मिळाले. चिरंजीवाने लगेच त्याचे आमच्याशी नाते जोडायला घेतले. आईने त्याला थांबवले. "आपला आजा पान्यांचा वेल लावीत होता," ती म्हणाली. "सेनापती नव्हता."

फातिमा लिस्बनहून मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. १३ मे १९१७ रोजी तिथल्या माळावर मेंढरे राखणाऱ्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मुलांना मारियामातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. बारा मेच्या रात्री त्या अफाट पटांगणात हजारो मेणबत्त्या पेटल्या होत्या. माउंट मेरीच्या जत्रेत मिळतात तसे मेणाचे हात, पाय, डोके इथेही विकायला होते. आईने गुडघा विकत घेतला. लोक गुडघ्यांवर सरकत लहानशा देवळीपर्यंत जात होते. आईलाही तसेच जायचे होते, पण तिचे दोन्ही गुडघे शस्त्रक्रियेने बदललेले. शेवटी ती अनवाणी चालली. सौभाग्यवतीने तिच्या चपला हातात धरल्या होत्या. सासूच्या चपला मिरवणुकीत वाहणारी सून त्या रात्री फातिमाला एकच असावी.

तेरा तारखेला मूर्ती परत देवळीकडे निघाली, की सगळे लोक पांढरे रुमाल हलवून तिला निरोप देतात. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. बघता बघता सगळे पटांगण पांढरे झाले. आईने इकडेतिकडे पाहिले आणि सरळ पदर सोडून हलवायला सुरुवात केली. इतक्या पांढऱ्यात तो एकच लाल. नंतर ती बराच वेळ बोलली नाही. बाबांची आठवण काढील असे मला वाटले होते, पण तिने विचारले, "त्या पोरांचे घर कुठे आहे?"

ते घर जवळच अल्जुश्त्रेल नावाच्या खेड्यात आहे. बसके दार, दोन-तीन अंधाऱ्या खोल्या, बाहेर दगडी बांध आणि ऑलिव्हची झाडे. आईने चुलीचीच पाहणी अधिक केली.

तिथून भाड्याच्या मोटारीने पूर्वेला, स्पेनच्या सरहद्दीकडे निघालो. मोटार चिरंजीव चालवीत होता आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असल्यामुळे सौभाग्यवती अखंड जपमाळ ओढीत होती. तेजू नदी ओलांडली आणि बुचाच्या झाडांचे रान लागले. बाटलीचे बूच झाडाच्या सालीचे असते हे शाळेत वाचले होते. ती साल काढलेले झाड प्रथमच पाहिले. बुंधा लालसर तपकिरी, अगदी आईच्या लुगड्याच्या जवळचा रंग, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. कुठे ९, कुठे २. जगातले सुमारे निम्मे बूच या एका देशात होते.

आम्ही उतरलो कास्तेलो द व्हीद या गावी. डोंगराच्या उतरणीवर पांढरी घरे, माथ्यावर किल्ला, दगडी बोळांतून फुलांच्या कुंड्या. तीनएक हजारांची वस्ती. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. त्यामुळे संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर माणूस नाही, ही गोष्ट आम्हांला भीतिदायक वाटली.

हे गाव मी निवडले ते गार्सिया द ओर्तासाठी. हा वैद्य इथला. वसई पोर्तुगीजांकडे गेली त्याच १५३४ साली तो हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई बेटच त्याच्याकडे खंडाने होते. आपला आंबा, फणस, नारळ, विड्याचे पान यांविषयी त्याने प्रश्नोत्तररूपाने एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यात छापला. म्हणजे आमच्या वाडीतली झाडे युरोपला ओळखीची करून दिली ती या खेड्यातल्या मुलाने. त्याचे घराणे मूळचे ज्यू. जुलमाने ख्रिस्ती झालेले. तो १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली.

जुन्या ज्यू आळीत टोकदार कमानींची दारे आहेत. तिथल्या एका पायरीवर बसून मी हे सांगत होतो.

"कोणी जाळले?" सौभाग्यवतीने विचारले.

"आपल्याच धर्माच्या लोकांनी."

ती काही बोलली नाही. कन्येने विचारले, "ज्यांनी आपल्याला आडनाव दिले, त्यांनीच?" त्याला मी काय उत्तर देणार? मी म्हणालो, चला, चहा मिळतो का पाहू.

आई तोवर पुढे गेली होती. ती सापडली आळीखालच्या कारंज्यापलीकडे, एका म्हाताऱ्याच्या भाजीच्या मळ्यात. दोघेही मोठमोठ्याने बोलत होते, आपापल्या भाषेत. आई बोट दाखवून म्हणाली, "कोबी!" तो म्हणाला, "कोव्ह!" आई म्हणाली, "बटाटा!" तो म्हणाला, "बताता!" मग खेळच सुरू झाला. बालदी, पिंप, अननस. त्याने खिशातून किल्ली काढली आणि "शाव्ह" म्हणाला, आईने "चावी!" म्हणून टाळी वाजवली. पासपोर्टाच्या साहेबाला जे माझ्याकडून मिळाले नाही, ते या म्हाताऱ्याला आईकडून मिळाले.

कन्येच्या मोबाइलमधला दुभाषी मग कामाला आला. म्हातारा सत्याहत्तर वर्षांचा. एक मुलगा लिस्बनला, एक फ्रान्सला. बोळातल्या कित्येक दारांवर 'विकणे आहे' अशा पाट्या होत्या. शेजारचीही दोन्ही घरे विकाऊ होती. घ्यायला कोणी येत नव्हते. आईला हे काही केल्या पटेना. "जमीन विकायला काढली आणि गिऱ्हाईक नाही?" तिने तीनदा विचारायला लावले. आमच्याकडे पाटी लावायचीही गरज पडत नाही.

त्याच्याकडे बुचाची चार झाडे होती. आकड्याचे कोडे त्यानेच उलगडले. साल काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा बुंध्यावर लिहितात. मग नऊ वर्षे झाडाला हात लावायचा नाही; तसा कायदाच आहे. पहिली साल काढायलाच पंचवीस वर्षे थांबावे लागते. त्याच्या झाडांवर २ होता, म्हणजे २०२२. पुढची पाळी २०३१. "तेव्हा यांचे वय किती?" आईने विचारले. त्याने बोटांवर मोजले आणि दोघेही खूप हसले. निघताना त्याने आम्हांला पाव दिला आणि खारवलेल्या सुक्या माशाचा रस्सा वाढला. "बाकल्याव" म्हणतात त्याला. त्यांचे राष्ट्रीय अन्नच. आईने चव घेतली आणि मला हळूच म्हणाली, "आपले बोंबील बरे."

जूनमध्ये पाऊस लागला. भावाचे दोन-तीन फोन झाले. आई दरवेळी म्हणे, गुडघा दुखतो आहे, नंतर बसू. सही अजून झालेली नाही; पुढे होणारच नाही, असे मी सांगू शकत नाही. भावाच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे आणि त्याचे म्हणणेही खोटे नाही.

मध्यंतरी गिऱ्हाइकाचा माणूस मोजणीला आला होता. विहिरीपाशी जाऊन तो एकदम परतला आणि जरा घाबऱ्या आवाजात मला विचारू लागला, "महापालिकेचे झाडांचे साहेब येऊन गेले काय हो?" मी जाऊन पाहिले. दोन्ही फणसांवर आणि बाबांनी लावलेल्या हापूसवर चुन्याने मोठा ४ काढलेला होता. आई ओट्यावर बसून पाने मोजत होती. तिने मान वर केली नाही.