आतल्या माणसाचा दावा

उपवासकाळातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपल्यावर मी उत्तनच्या चर्चच्या आवारात उभा होतो. आमच्या आळीतील एक मावशी जवळ आली. तिचा मुलगा ठाण्याच्या कारागृहात शिक्षा भोगीत होता. बोंबील वाळत घालण्याची त्याच्या नावावरची जागा भाऊबंदांनी कुंपण घालून बळकावली होती. तिने हळूच विचारले, “अरे, आतला माणूस दावा लावू शकतो का? आधी कोर्टाची परवानगी लागते म्हणतात.” मी एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

तिची शंका अगदीच निराधार नव्हती. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९८१ च्या कायद्यान्वये गंभीर गुन्ह्यातील कैद्यांवर अशीच अट घातली. आपल्याकडे ती नाही. १९६५ साली तर प्रभाकर संझगिरी या स्थानबद्धाने ‘अणूच्या अंतरंगात’ हे आपले मराठी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मिळविला. शिक्षा झाली म्हणून कैद्याचे सारे मूलभूत हक्क संपत नाहीत, हेही त्याच न्यायालयाने १९७४ साली सांगितले.

हे सारे मी मावशीला ऐटीत सांगितले आणि “बघू” म्हणून घरी आलो.

रात्री मात्र झोप लागेना. जागेचा ताबा मागण्याची मुदत साधारणतः बारा वर्षांची. कुंपणाला नऊ वर्षे होऊन गेली होती. १९६३ चा मुदतीचा कायदा अज्ञान मुलाला आणि वेडसर माणसाला सवलत देतो. तुरुंगातील माणसासाठी घड्याळ थांबत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कैद्याला मोफत वकील मिळतो. पण त्या म्हाताऱ्या, निरक्षर आईने अर्ज कोणाकडून लिहून घ्यावा? न्यायालयाने दार बंद केले नव्हते. त्या दारापर्यंत तिला सोबत करणारे कोणी नव्हते. मी तुरुंगात असताना तू मला भेटायला आलास का, असे प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार आहे. कायदा ठाऊक होता, एवढेच उत्तर मी देणार होतो काय?

सोमवारी मावशीबरोबर मी ठाण्याला गेलो, विधी सेवेचा अर्ज भरला. पुढे वकीलपत्रावर सही करताना तिच्या मुलाचा हात थरथरत होता. त्याने विचारले, “काका, माझी सही अजून चालते?”

“चालते, बाळा,” मी म्हणालो.